सुपारी फुटायच्या आत

॥ श्री ॥
रामघाट, काशी
श्रावण वद्य पंचमी, शके १८५९

इकडच्या पायांवर डोकं ठेवून शरदिनीचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. गंगा चढली आहे आणि तिच्याबरोबर मामींचा आवाजही. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, त्यामुळे पहाटे नहायला गेलं की मल्लाहांच्या होड्यांना खेटून उभं राहावं लागतं. ढुंढिराजमामांच्या दम्यानं दर श्रावणासारखी उचल खाल्ली आहे. धाप लागते तरी मुलांना संथा द्यायचं सोडत नाहीत.

आपलं पत्र कोठीत बसून वाचलं. मामींनी विचारलं काय लिहितात मास्तर, मी म्हटलं, शाळेत परीक्षा आहेत. आपण पुण्याला शाळेत शिकवता एवढंच या घराला ठाऊक आहे आणि मी ते तसंच राखलं आहे. सिनेमा कंपनीत ‘काशीकर’ या नावानं आपण हसायच्या गोष्टी लिहिता हे कळलं, तर मामा त्याच दिवशी गंगेवर जाऊन आपल्या नावानं आंघोळ करतील.

पत्राच्या माथ्यावर ‘सौ. शरदिनीस’ वाचलं की बरं वाटतं. आईबाप गेल्यापासून मी या घरात, आणि या घराला मी बकुळच. लग्नात आपण ताटातल्या तांदळांत अंगठीनं जे नाव लिहिलंत ते इथे कोणाच्या लक्षातही नाही. मामांना विचारलं तर पंचांग शोधायला उठतील. ते नाव मला फक्त आपल्या पत्रात भेटतं.

आता आपण दुरुस्तीला पाठवलेल्या तीन ओळी. रागवायचं नाही, आधीच सांगते.

पहिली: ‘एक गरीब पण सुस्वभावी तरुण मुंबईस जातो व तेथे अनेक गमतीजमती घडतात.’ यात आहे काय? पानावर काही न वाढता ‘स्वयंपाक रुचकर झाला आहे’ म्हणण्यातला हा प्रकार. आपणच मला लिहिलं होतं, मालक अडकित्त्यात सुपारी धरतात आणि म्हणतात, ही फुटायच्या आत गोष्ट सांगा, हसलो तर घेतली. तेवढ्या वेळात मालकांना एक माणूस दिसला पाहिजे. त्याचं नाव नको, त्याची खोड सांगावी. मग त्याला काय हवं आहे ते. आणि मग आडवं काय आलं ते. आडवं येणारं त्यानं स्वतःच्याच शहाणपणानं ओढवून घेतलेलं असावं. वाटेनं जाणाऱ्याच्या डोक्यात वीट पडली तर लोक हळहळतात. ती वीट त्यानंच फुशारकीनं वर ठेवली असेल तर हसतात.

आपली होडीची ओळ आठवून पाहावी. ‘पाण्याला भिणारा नवरदेव पट्टीचा पोहणारा असल्याची थाप मारून लग्न जमवतो, आणि सासरा हौसेनं वरात होडीतून काढतो.’ तो बोलपट हिंदीत इथे लागला तेव्हा मला पाहायला मिळाला नाही, या घरातल्या बायका जात नाहीत. पण घाटावरचा म्हातारा बिसेसर मल्लाह पाहून आला. दुसऱ्या दिवशी मला सांगत होता, ‘बाई, दुलहा नाव में बैठते ही रोवे लगा!’ सांगता सांगता हसून त्याचं वल्हं सुटलं. ती ओळ मी इथेच कपडे धुताना जुळवली होती, हे मी त्याला काही सांगितलं नाही.

दुसरी: ‘एक ज्योतिषी फार खोटे बोलतो व शेवटी फजित पावतो.’ हिच्यात जीव आहे, पण आपण तो शेपटीकडून धरलात. अशी करावी: ‘मुलीच्या पत्रिकेतला मंगळ लपवणाऱ्या ज्योतिषाकडेच वरपक्ष ती पत्रिका तपासायला आणतो.’ इथे थांबायचं. फजित पावला की सुटला ते सांगायचं नाही. शेवट सांगितला की मालक सुपारी तोंडात टाकून उठून जातील. ‘मग काय झालं?’ असं त्यांनी विचारलं पाहिजे, आणि आपण गप्प राहिलं पाहिजे.

तिसरी मात्र अगदीच पांगळी. ‘एक विधुर लेखक आपल्या मालकाच्या भाचीच्या प्रेमात पडतो.’ पडला तर पडला. विधुर आहे, मोकळा आहे, मालक राजी झाले की अक्षता पडल्या. आडवं कोण आहे? कोणीच नाही. यात हसण्यासारखं तेव्हाच, जेव्हा त्याची बायको जिवंत असेल. मग पाहा, मालक खुर्चीतून खाली येतील. ही दुरुस्त करून देऊ का? थोडा विचार करून पाहते.

खोलीचं काय झालं? चैत्रात लिहिलं होतं की मिळेल, त्याआधीच्या दिवाळीतही लिहिलं होतं. मी घाई करत नाही, फक्त ट्रंक भरून ठेवली आहे. मामींनी ती पाहिली. म्हणाल्या, ‘अगं, ती पेटी खोल, जरा धूप दाखव, ऊन लागू दे. नाहीतर नवऱ्याच्या आधी तुला बुरशीच घेऊन जाईल.’ सगळे हसले, मीही हसले. पण आपण ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी स्टेशनवर घ्यायला यायचं हं. पुणं मला अनोळखी. गाडीतून उतरल्यावर पहिलं आपलं तोंड दिसावं, एवढंच मनात आहे.

पायांपाशीची,
सौ. शरदिनी


॥ श्री ॥
रामघाट
भाद्रपद शुद्ध द्वादशी

इकडे नमस्कार. पत्र पोचलं. ज्योतिषाची ओळ ऐकून मालकांच्या हातून अडकित्ता निसटला हे वाचलं आणि मी कोठीत एकटीच हसत बसले. पडद्यावर ‘कथा’ म्हणून आपलं नाव येणार, फार चांगलं झालं.

तिसऱ्या ओळीबद्दल एवढं रागवायचं काय कारण? मी फक्त आडवं कोण, असं विचारलं होतं. आपण लिहिता, ती आपली नव्हे, एका मित्राची चुकून त्या कागदावर उतरली, ती फाडून टाक आणि पुन्हा तिचं नाव काढू नकोस. फाडली. चुलीतही घातली. पण डोक्यात शिरलेली ओळ अशी जळत नाही, ती मंद विस्तवावर शिजत राहते. एवढं मला कळलं आहे की बायको नुसती जिवंत असून भागणार नाही. ती समोर आली पाहिजे, आणि अशा जागी आली पाहिजे, की तिथून तिला कोणी उठवू शकणार नाही. ती जागा काही सापडत नाही. असो. मित्राला सांगावं की ओळ टाकून दे.

मालक पितृपक्षात काशीला येताहेत हेही वाचलं. ते छावणीतल्या साहेबी हॉटेलात उतरतील, होडीत बसून कॅमेऱ्यासाठी घाट पाहतील आणि जातील. मी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नये, आपलं नाव ओठांवर आणू नये. नाही आणणार. ओळी बायको सुचवते हे कळलं तर कंपनीत आपली काय किंमत राहील, ते मला समजतं. दुसरं काही कारण असेल असं मी मनात आणलेलं नाही.

पितृपक्षात माझं डोकं वर निघायचं नाही. यजमानांची कार्डं आत्ताच येऊन पडली आहेत. कोणी वाईचे, कोणी कऱ्हाडचे, एक शिवरामपंत म्हणून साताऱ्याकडचे. त्यांची बायको अहेवपणी गेली, म्हणून त्यांना अविधवा नवमीलाच यायचं आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तीच तिथी ना. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण बसवतात, तशी मला दर वर्षी कोणा ना कोणाच्या नावानं बसवतातच. मामी म्हणतात, ‘तू सवाष्ण आहेस एवढाच काय तो त्याचा तुला फायदा. वर्षातून एकदा पोटभर खीर.’

खोलीबद्दल या पत्रात एक अक्षर नाही. पान उलटून पाहिलं, मागेही नाही.

सौ. शरदिनी


रामघाट
भाद्रपद वद्य दशमी

काल माझं श्राद्ध झालं. चांगलं झालं. खीर मी केली होती म्हणून तिचं सांगत नाही, पण वडे मामींनी तळले ते आतून कच्चे राहिले.

मेलेल्या बाईला नवऱ्याशी अहो-जाहो करण्याचं बंधन नसावं. म्हणून आज तुला ‘तू’ म्हणते.

सगळं नीट सांगते, ‘गमतीजमती घडल्या’ म्हणून तुझ्यासारखं सोडून देत नाही. शिवरामपंत म्हणजेच तुझे मालक. इतकी वर्षं तू त्यांचं नाव लिहिलं नाहीस, म्हणून मला कळायला काल सकाळ उजाडावी लागली. तू धरून चाललास, सिनेमावाला माणूस, तो हॉटेलातच उतरणार. तू याच घरात राहून संथा घेतलीस, इथलंच जेवलास, आणि एवढी साधी गोष्ट विसरलास. दक्षिणी माणूस काशीत आला की आपला उपाध्याय आपण शोधत नाही. तो त्याच्या पणजोबानं ठरवून ठेवलेला असतो. मालक बोलपट काढोत नाहीतर विमान उडवोत, साताऱ्याच्या त्या घराण्याला पिंड द्यायचे तर ढुंढिराजमामांच्याच ओसरीवर यावं लागणार.

ते आले. गोरे, स्थूल, पायाला पुण्याचे जोडे, आणि डोळ्यांत पाणी. बायकोच्या आठवणीनं मनापासून रडत होते, ते नाटक नव्हतं. मामांनी दर्भ हातात दिले आणि नावं विचारली. आधी त्यांच्या पत्नीचं झालं. मग मामा म्हणाले, दुसरी सवाष्ण सांगितलीत ती कोणासाठी?

मी दाराच्या आड वेलची कुटत होते.

‘आमच्या लेखकाची बायको,’ मालक म्हणाले. ‘काशीकर म्हणतो आम्ही त्याला. गुणी पोरगा. बायको इथेच काशीत पटकीनं गेली म्हणे बिचारी. त्याला कामातून सवड नाही, म्हटलं आपणच करून टाकू. काश्यप गोत्र. नाव शरदिनी.’

मामांनी नाव घेतलं. सकाळपासून त्यांनी इतक्या नावांनी पाणी सोडलं होतं, आणि वरून दमा. शरदिनी त्यांना इतर नावांसारखंच एक नाव. त्यांची पापणीही हलली नाही. मी कुटलेली वेलची पडवीत सांडली. मामी ओरडल्या, ‘लक्ष कुठाय तुझं, किती महाग झाली आहे इलायची!’ मी ती वेचून घेतली.

तू माझं नाव तांदळांत लिहून दिलंस आणि भाताच्या पिंडात घालून परत नेलंस. पिंडाचा भातही मीच शिजवला होता. मला राग आला. आजवर तुझ्यावर कधी आला नाही एवढा आला, इतका की रडायचंसुद्धा सुचलं नाही. ओसरीवर जाऊन ते दर्भ मालकांच्या हातातून हिसकावून घ्यावे असं वाटलं. तेवढ्यात मामींनी हाक मारली, ‘बकुळ, हात धो आणि ये जल्दी. दुसरं पान तुझं.’

मी जाऊन बसले. ती जागा मला सापडत नव्हती ना, जिथून बायकोला कोणी उठवू शकणार नाही? ती अशी सापडली. सवाष्णीला भरल्या पानावरून प्रत्यक्ष काशीनरेशही उठवू शकत नाही.

मालकांनी मामींना मला कुंकू लावायला सांगितलं, माझ्यापुढे हिरवं लुगडं ठेवलं, खण ठेवला, बांगड्या ठेवल्या. गेलेली बाई त्या वेळी सवाष्णीच्या रूपानं जेवते, म्हणून त्यांनी वाकून मला नमस्कार केला. म्हणाले, ‘शरदिनीबाई, तुम्हाला मी कधी पाहिलं नाही. तुमच्या माणसाला सुखात ठेवा. त्याच्या पुढच्या संसारावर राग धरू नका.’ आयुष्यात माझ्या सासरच्या नावानं मला हाक मारणारा तुझ्यानंतर हा दुसरा माणूस, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं की समोर तीच बसली आहे.

मी खीर दोनदा घेतली. चांगली झाली होती.

शेवटी यजमान विचारतो, तृप्त झालात? सवाष्णीनं ‘तृप्त झाले’ म्हणायचं असतं, नाहीतर केलेलं सगळं वाया जातं. मालक हात जोडून उभे होते. मी म्हटलं, तृप्त झाले. तुझ्या बायकोचे हे शेवटचे शब्द असं समज आणि जपून ठेव, तुला पुढे गोष्टीत घालायला येतील.

दुपारी मालक गंगेकडच्या सज्जात बसले. मी पानाचं तबक घेऊन गेले तेव्हा मामांना सांगत होते. भाची प्रेमला, त्यांच्याच घरी वाढलेली, तिचं काशीकरांशी ठरवलं आहे. तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. म्हणून तर ही शांती. पहिलीचा काही त्रास दुसरीला नको. ठठेरी बाजारातल्या सोनारानं पहिलीचा चांदीचा टाक घडवला आहे, तो प्रेमलाच्या गळ्यात बांधायचा. त्यांनी टाक काढून दाखवला. मामींनी तो लगेच माझ्याकडे दिला, राखेनं जरा उजळून आण म्हणून. त्यावर बाईचं तोंड कोरलेलं आहे. नाक माझ्यापेक्षा सरळ आहे. मी मोरीवर बसून माझंच तोंड घासत होते.

तुला दुसरी करायला सरकारचा कायदा आडवा नव्हता. पण शिवरामपंत सवतीवर भाची देणारे नव्हते. म्हणून मला पटकी झाली. निदान आजार तरी बरा निवडायचास. तापानं मारलं असतंस तर थोडी सेवा केल्याचं पुण्य तरी पदरात पडलं असतं तुझ्या.

प्रेमलाचा फोटो पाहिला. हसरी आहे, पुढचे दोन दात किंचित पुढे. मालक म्हणाले, ‘काशीकरांच्या ओळी तिला तोंडपाठ आहेत. त्या ऐकूनच तिनं त्याला पसंत केलं, नाहीतर दिसायला काही विशेष नाही तो.’ तेव्हा मला कळलं की तिनं पसंत केलं ते कोणाला. त्या पोरीवर राग धरायला मी खूप प्रयत्न केला. जमलं नाही, याचाही राग तुझ्याच खात्यावर.

मग मालक सुपारी कातरायला बसले आणि म्हणाले, ‘एवढा लेखक, पण सध्या आटला आहे. त्या ज्योतिषानंतर एक धड ओळ नाही.’ मी ओळी पाठवल्या नाहीत ना, मग कुठून असेल.

मी म्हटलं, मला एक सुचली आहे, सांगू का? मामींनी डोळे वटारले. परक्या यजमानाशी या घरातल्या बाईनं असं बोलावं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मालकांना मौज वाटली. त्यांनी अडकित्त्यात अख्खी सुपारी धरली आणि म्हणाले, ‘सांगा. ही फुटायच्या आत.’

मी सांगितलं: ‘मालकाच्या भाचीशी लग्न व्हावं म्हणून जिवंत बायकोला मेलेली ठरवणाऱ्या लेखकाचा मालक तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो, आणि पानावर येऊन बसते ती बायकोच.’

सुपारी फुटली नाही. अडकित्ता सज्जातून खाली पंचांग पाहत बसलेल्या एका बटूच्या पुढ्यात जाऊन पडला. मालक असे हसले की मामांना वाटलं त्यांनाही दम्याची उबळ आली. ‘आत्ताच्या पानावरून सुचली होय! बाई, कमाल आहे!’ डोळे पुसत पुन्हा पुन्हा तेच. मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, ‘मुआ असा नवरा मला मिळता, तर पंचगंगा घाटावरून धक्का दिला असता!’ कोणाच्या मनात किंतु आला नाही. खऱ्या गोष्टीला लोक इतके हसतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मालकांनी विचारलं, ‘मग काय झालं?’

मी गप्प राहिले.

‘बरोबर,’ ते म्हणाले. ‘पुढचं आमचे काशीकर लिहितील.’ पुढचा बोलपट हाच. बायकोच्या कामाला कोणी जाडी नटी पाहावी, पानावर बसलेली बरी दिसेल, असंही त्यांनी ठरवून टाकलं. तुला ते पुण्याला आल्याबरोबर ही ओळ सांगतील. तू हसशील. हसावंच लागेल तुला, कंपनी समोर असेल. आणि मग रोज सकाळी तुला विचारतील, काशीकर, पुढे कुठपर्यंत आलं? प्रेमलाही विचारील. तिला ओळी पाठ होतात.

एवढ्यावर मी थांबले असते. पण मालक थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं पडलं, टाक बांधायचा तर तिच्या नावानं जेवलेल्या सवाष्णीच्याच हातून बांधावा, म्हणजे आशीर्वाद पुरा. आणि त्यांच्या बायकोच्या नावानं जेवल्या त्या मामींनीही यावं. मामींचं माहेर वाई, बापाच्या मागे तिकडचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. मामा काय म्हणतात ते ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत, आत जाऊन पेटी काढली. मालक गयेला जाऊन परत येतील आणि कोजागिरी झाली की आम्हा दोघींना बरोबर घेऊन पुण्याला निघतील. त्यांनी काल माझ्यासमोर तुला करायच्या तारेचा मजकूर सांगितला: दोन सवाष्णी सोबत आहेत, स्टेशनवर गाडी घेऊन स्वतः यावे.

मी तोंडातून एक शब्द काढणार नाही, घाबरू नकोस. टाक बांधीन, आशीर्वाद देईन. मी गप्प राहिले तरी मामी येताहेत. या वयातही त्या सुईत दोरा स्वतः ओवतात. फलाटावर त्यांना शाळामास्तर जावई दिसला की त्या डब्यातूनच हाक मारतील, आणि त्यांचा आवाज तुला माहीत आहे, इथून पलीकडच्या तीरावर ऐकू जातो. पळून गेलास तर मालक शोधायला माणसं पाठवतील, त्यांच्या भाचीचा मुहूर्त आहे. आजारी पडलास तर वैद्य घेऊन आम्हा सगळ्यांना तुझ्या बिऱ्हाडी आणतील. गाडी यायच्या आत मालकांना खरं सांगणं, एवढी एकच वाट तुला मोकळी आहे. ती तू घेणार नाहीस. मी तुझी बायको होते, मला ठाऊक आहे.

आता बघ, तुझी तिसरी ओळ दुरुस्त झाली. माणूस आहे, त्याची खोड आहे, त्याला काय हवं ते आहे, आडवं आलं आहे ते त्याचं त्यानंच ओढवलेलं, आणि वर गाडीची वेळ. शेवट मी लिहीत नाही. ओळीत शेवट सांगायचा नसतो.

खोलीचं आता विचारत नाही, उतरायची सोय मालकांच्या घरीच आहे. ट्रंक भरलेली होतीच, नुसती झटकली. मेल्यावर मिळालेलं हिरवं लुगडं सगळ्यांत वर ठेवलं आहे, तेच नेसून येते, म्हणजे गर्दीत ओळखायला तुला त्रास नको. घ्यायला ये. गाडीतून उतरल्यावर पहिलं तुझं तोंड दिसावं, एवढंच मनात आहे.

शरदिनी जेवून, तृप्त होऊन गेली. येते आहे ती,
बकुळ